कुठपर्यंत नीट आहे?

हे मनन सावकाश वाचायचं आहे. एक जुनं यंत्र आपण मनातल्या मनात उघडणार आहोत. एकेक परिच्छेद झाला की थांबा, सांगितलेली वस्तू डोळ्यांसमोर आणा, आणि ती स्पष्ट दिसली की मगच पुढे जा. कुठे पोचायची घाई नाही.

यंत्र आहे पॅक-मॅनचं, म्हणजे चक्रव्यूहात ठिपके खात भुतांपासून पळायच्या व्हिडिओ गेमचं. जपानच्या नामको कंपनीत तोरु इवातानी यांनी हा खेळ रचला. १९८० साली तो तिथे 'पक मॅन' या नावाने आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत मिडवे कंपनीने तो 'पॅक-मॅन' करून आणला. आपल्यासमोर आहे ते मिडवेचं उभं कॅबिनेट. माणसाच्या उंचीचं, पिवळ्या अंगाचं. समोर लाल गोळ्याची एकच काठी. खाली नाणं टाकायचं दार, मागे कुलूप लावलेला फळीचा दरवाजा. अमेरिकेतल्या कुठल्याशा घराच्या तळघरात ते कित्येक वर्षं बंद पडून आहे असं समजा. कुणीतरी प्लग लावतं, स्विच दाबतं. वरच्या पाटीमागची ट्यूबलाइट लागते. पडदा मात्र काळाच राहतो.

आता मनाकडे लक्ष द्या. पडदा काळा दिसताच मनात पहिला प्रश्न उठतो, 'काय बिघडलं?' त्याच्या पाठोपाठ उत्तरांची रांग लागते. पिक्चर ट्यूब गेली असेल, बोर्ड गेला असेल, कुणीतरी आत हात घातला असेल. यातलं एकही आपण पाहिलेलं नाही, तरी मन निवाडा देऊन मोकळं होतं. या रांगेशी भांडू नका. ती येऊ द्या, जाऊ द्या. तिच्या जागी एक साधा प्रश्न ठेवा, 'कुठपर्यंत नीट आहे?'

पाटाचं पाणी शेताच्या टोकाला पोचलं नाही, तर शेतकरी टोकाशी बसून तर्क करत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जातो. इथे ओल आहे, इथेही आहे, इथे नाही. म्हणजे फूट या दोन जागांच्या मधे. यंत्रातली वीज आणि तिच्यावर स्वार झालेला संदेश असाच वाहतो. आजचं सगळं मनन म्हणजे या पाटाच्या कडेने चालणं आहे.

पडदा काळा असताना

अजून मागचं दार उघडू नका. पुढे उभं राहून एक नाणं टाका आणि कान द्या. पॅक-मॅन नाणं स्वीकारल्याचा आवाज करतो. मग एका खेळाडूचं बटण दाबा. अंधारातून ती ओळखीची छोटी धून वाजली, तर क्षणभर थांबून पाहा की या धुनेने तुम्हाला किती सांगितलं. नाण्याचा स्विच नीट आहे. बोर्डाला वीज मिळते आहे. झेड-८० हा प्रोसेसर चालतो आहे, खेळाचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, वाचला जातो आहे, आवाजाचा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जिवंत आहेत. खेळ खरं तर सुरू आहे, फक्त तो दिसत नाही. अर्धं यंत्र एका नाण्यात संशयातून सुटलं.

आणि काहीच वाजलं नाही तर? तेही उत्तरच आहे. मग आपण बोर्डाच्या आणि विजेच्या बाजूने चालायचं.

इथे जरा रेंगाळा. तुमच्या रोजच्या जगण्यातली एखादी अडलेली गोष्ट आठवा. एखादं काम, शरीराची एखादी तक्रार, कुणाशी तुटलेलं बोलणं. ती सोडवू नका. फक्त विचारा, यात अजून चालू काय आहे? पडदा काळा असूनही कुठली धून वाजते आहे? उत्तर सापडलं तर ते मनात नोंदवा आणि पुन्हा यंत्राकडे या.

हात खिशात

आता मागचं दार उघडतं. प्लग काढलेला आहे. तरीही कशाला हात लावू नका. हात खिशात ठेवा आणि नुसतं पाहा.

वर पिक्चर ट्यूबची मागची बाजू दिसते, १९ इंची. ट्यूबच्या पाठीवर रबराची एक टोपी चिकटलेली आहे आणि तिच्यातून एक जाड वायर निघते. चालू असताना त्या वायरवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. प्लग काढल्यावरही काच तो साठवून ठेवू शकते. एकदा उतरवला तरी काचेत मुरलेला भार थोड्या वेळाने पुन्हा वर येतो. जाणकार कारागीर लांब, इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला अर्थची वायर जोडतात, एक हात पाठीमागे ठेवतात आणि टोपीखाली टोक सरकवून तो भार उतरवतात. काही वेळाने पुन्हा एकदा उतरवतात. हे वाचून कुणी ट्यूबला हात लावू नये. जाणकार शेजारी असला तरच लावावा.

पाठीमागच्या त्या हातावर मन एकाग्र करा. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडू शकते. म्हणून एक हात कामाला आणि एक हात बाजूला. दुरुस्तीतलं अर्धं शहाणपण या बाजूला ठेवलेल्या हातात आहे.

पाहत राहा. तळाशी ट्रान्सफॉर्मर आणि फ्यूजच्या जागा आहेत. मॉनिटरला थेट भिंतीतली वीज चालत नाही. त्याच्या सर्किटचा सांगाडाच विजेच्या वाटेला जोडलेला असतो, म्हणून मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. बाजूच्या भिंतीवर मुख्य बोर्ड आहे. मधून वायरींची जुडगी गेली आहे. धूळ आहे. कुठे वायर कुरतडलेली आहे का? कुठे तपकिरी डाग आहे का? एखादा कपॅसिटर डोक्यावर फुगलाय का? नाकही वापरा. जळलेल्या प्लास्टिकचा वास वर्षानुवर्षं टिकतो.

फ्यूज

फ्यूज मीटरवर तपासायचा. नुसत्या डोळ्यांवर भरवसा नको, कारण काचेतली तार शाबूत दिसूनही तुटलेली असू शकते. समजा, एक फ्यूज गेलेला निघाला. हाताला लगेच नवा बसवावासा वाटेल. बसवा, पण तेवढ्याच अँपिअरचा. आपल्याकडे किटकॅटमधे जाड तार बांधून फ्यूज 'पक्का' करायची सवय जुनी आहे. इथे तसं केलं, तर जे नुकसान दोन रुपयांच्या तारेवर थांबलं असतं ते ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाईल.

नवा फ्यूज टिकला तर ठीक. तोही लगेच गेला, तर तिसरा लावू नका. फ्यूज वितळला याचा अर्थ पुढे कुणीतरी वाजवीपेक्षा जास्त वीज ओढतं आहे. आता एकेक जोडणी सोडवायची. मॉनिटर वेगळा केल्यावर फ्यूज टिकतो का? बोर्ड वेगळा केल्यावर? एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि यंत्र चालू झालं, तर दुरुस्ती होते पण कळत काहीच नाही.

हे वाक्य थोडा वेळ मनात फिरू द्या. चालू होणं आणि कळणं या दोन गोष्टी आहेत. घाई पहिलीवर खूश होते.

पाच व्होल्ट

बोर्डाकडे वळू या. पॅक-मॅनच्या बोर्डाची एक खोड जुन्या कारागिरांना तोंडपाठ असते. इतर कित्येक यंत्रांत तयार ५ व्होल्ट डीसी बोर्डाला मिळतात. इथे मात्र ट्रान्सफॉर्मरकडून कमी दाबाची एसी वीज थेट बोर्डावर येते आणि तिचं डीसी बोर्डावरच होतं. ही सगळी वीज ४४ पिनांच्या एज कनेक्टरमधल्या काही पट्ट्यांवरून आत शिरते. करंट बराच, पट्टी अरुंद. वर्षं जातात, कनेक्टरची पकड सैल होते. सैल पकडीत रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि उष्णतेने पकड आणखी सैल होते. शेवटी पट्टी काळी पडते आणि कनेक्टरचं प्लास्टिक करपतं.

या चक्राकडे नीट पाहा. यात कुणी चूक केलेली नाही. कुणी आदळआपट केली नाही, पाणी सांडलं नाही. जरासं सैलपण आणि भरपूर वेळ, एवढं पुरलं.

आता प्लग पुन्हा लावून मीटर घ्या. काळा प्रोब ग्राउंडला. लाल प्रोब चिपच्या पायावर, म्हणजे वीज जिथे खरोखर वापरली जाते तिथे. तिथे ४.७५ ते ५.२५ यांच्या मधला आकडा दिसला तर इथपर्यंत नीट आहे. ४.४ दिसला, तर प्रोसेसर निकामी ठरवायचं कारण नाही, तो उपाशी आहे. मग मागे मागे यायचं. गाळणीचा मोठा कपॅसिटर, डायोड, कनेक्टर. करपलेल्या पट्ट्या स्वच्छ करून, गरज पडली तर त्यांवर सोल्डरचा थर देऊन आणि कनेक्टर नवा घालून पुष्कळ बोर्ड पुन्हा उभे राहतात.

काच आणि गळा

नाण्याने धून वाजली होती असं धरू. म्हणजे बोर्ड चालतो आहे, संशय पडद्यावर. मॉनिटरच्या बाजूने चालू या.

मागून ट्यूबच्या गळ्यात पाहा. नारिंगी ठिणगीएवढा उजेड आहे का? तो हीटरचा उजेड. त्याला वीज देतो तो फ्लायबॅक, म्हणजे आपल्याकडचे टीव्ही मेकॅनिक ज्याला ईएचटी म्हणतात तो. गळ्यात उजेड आहे म्हणजे ईएचटी चालतो आहे. पुढून काचेजवळ हाताची पाठ न्या. केस ओढल्यासारखे वाटले तर मोठा दाबही तयार होतो आहे. एवढ्या दोन खुणांनी मॉनिटरचा मोठा भाग सुटला. एवढं असूनही पडदा काळाच असेल, तर बोर्डाकडून येणारं चित्र इथपर्यंत पोचतं का ते पाहायचं.

दोन्ही खुणा नसतील तर प्लग काढून, ट्यूबचा भार उतरवून मॉनिटरच्या सर्किटवर यायचं. जिथे जड भाग टांगलेले असतात आणि जिथे पिना रोज तापून निवतात, तिथे भिंग लावून बघा. पिनेभोवती केसाएवढी गोल भेग दिसेल. याला आपले कारागीर 'ड्राय सोल्डर' म्हणतात. धातू धातूला टेकलेला असतो पण धरलेला नसतो. यंत्र गार असताना चालतं, तापलं की बंद. थोपटलं की चालू. त्या थोपटण्याने बरं होतं असा समज पसरतो. उपाय थोपटण्यात नाही, जुनं सोल्डर ओढून नवं भरण्यात आहे.

मग कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटात ओलसर रसायन असतं आणि ते रबराच्या बुचातून वर्षानुवर्षं उडत राहतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून तापणाऱ्या भागांशेजारचे आधी वाळतात. चित्र डुलतं, कडा आत ओढल्या जातात. कधी सगळं चित्र आक्रसून एका रेघेवर येतं, आणि मग कपॅसिटरबरोबर ते चित्र पसरवणारं सर्किटही तपासावं लागतं. घरच्या टीव्हीवर ही रेघ आडवी असायची. पॅक-मॅनमधे मॉनिटर कुशीवर निजवून बसवलेला असल्याने तीच रेघ उभी दिसते. बिघाड तोच, फक्त यंत्र कसं बसवलंय ते लक्षात ठेवून पाहावं लागतं.

आणि दिवे बंद असतानाही काचेवर एक फिकट नकाशा दिसेल. चक्रव्यूहाच्या निळ्या भिंतींची वाट. तेच चित्र वर्षानुवर्षं त्याच जागी उमटत राहिल्याने फॉस्फर तिथे भाजला आहे. हा डाग सोल्डरने जात नाही. ट्यूब बदलायची किंवा डागासकट खेळायचं. कित्येकजण डाग ठेवतात.

चित्र जे सांगतं

आता चित्र आलं आहे, पण विस्कटलेलं. हा भाग सर्वांत सुंदर आहे, म्हणून इथे सर्वांत सावकाश.

पॅक-मॅनचा पडदा म्हणजे २२४ बाय २८८ पिक्सेल. ते आठ बाय आठच्या चौकोनांत विभागले आहेत, आडवे २८ आणि उभे ३६, एकूण १,००८ घरं. कुठल्या घरात कोणता आकार हे एका मेमरीत लिहिलेलं असतं आणि त्याचा रंग कोणता हे दुसऱ्या. भिंती, ठिपके, अक्षरं यांचे आकार एका रॉममधे, म्हणजे कायम लिहिलेल्या मेमरीत. पॅक-मॅन आणि भुतं यांचे आकार दुसऱ्या रॉममधे.

आता कल्पना करा. भिंती, अक्षरं स्वच्छ आहेत, भुतं मात्र फाटकी. भिंतींनी स्वतःचा रॉम निर्दोष ठरवला, आता भुतांचा रॉम आणि त्याची वाट पाहा. दुसरं चित्र: आकार सगळे बरोबर, रंग भलतेच. आकारांची मेमरी ठीक, रंगांच्या बाजूला जा. तिसरं: दर काही घरं सोडून तोच चुकीचा आकार. मेमरीच्या एखाद्या चिपमधला एक बिट अडकला असावा.

प्रत्येक वेळी दोष कुठे असू शकतो हे जे नीट आहे त्यानेच सांगितलं. फाटक्या भुतांकडे कितीही टक लावून बसलं तरी हे कळलं नसतं. भिंतींकडे पाहिलं म्हणून कळलं.

इथे पुस्तक किंवा पडदा बाजूला ठेवून थोडा वेळ बसा. दोषाकडे ओढलं जाणारं लक्ष उचलून शाबूत गोष्टीवर ठेवायचं, एवढाच अभ्यास. ते पुन्हा दोषाकडे जाईल. पुन्हा उचला.

संशय एका चिपवर आला की आधी प्लग काढून ती सॉकेटमधून हलकेच काढून पायांवरचा मळ साफ करून परत बसवा. पुष्कळदा दोष एवढाच असतो. त्याने भागलं नाही तर लॉजिक प्रोब घ्या. त्याचं टोक पायाला लावलं की तो तीनपैकी एक सांगतो: वर, खाली किंवा धडधडतंय. चालत्या बोर्डावर अॅड्रेसच्या पायांवर धडधड असायला हवी. बाकी सगळ्या पायांवर ती आहे आणि एकच पाय गप्प आहे, तर पाट तिथे फुटला.

आणखी एक गोष्ट कधी पडद्यावर दिसेल. चित्र उमटतं, पुसतं, पुन्हा उमटतं, थांबतच नाही. हा वॉचडॉग. कार्यक्रमाने दर थोड्या वेळाने त्याला 'मी शुद्धीवर आहे' असं कळवायचं असतं. १६ फ्रेमपर्यंत, म्हणजे साधारण पाव सेकंद, काही कळलं नाही तर तो सगळं पुन्हा सुरुवातीपासून चालू करतो. वरवर पाहता बोर्ड वेडा झालाय असं वाटतं. प्रत्यक्षात एक पहारेकरी आपलं काम चोख करतो आहे. त्याला दोषी धरून काढून टाकू नका. कार्यक्रम गप्प का झाला ते शोधा.

काठी

खेळ चालू आहे, पण पॅक-मॅन डावीकडे वळत नाही. काठीखाली चार पातळ पत्र्यांचे स्विच आहेत, चार दिशांचे चार. काठी कलली की दोन पत्रे टेकतात. टेकण्याच्या जागी मळ साचतो. मधे जाडसर कागदाची पट्टी धरायची, पत्रे हलके दाबायचे आणि पट्टी ओढून घ्यायची. कागदावर काळी रेघ येईल. कानस लावू नका, तिने वरचा मुलामा निघून जातो. पत्रा सैल असेल तर किंचित वाकवा, किंचितच.

जो बिघाड दुरुस्त करायचा नाही

शेवटचा थांबा. समजा, हे यंत्र पूर्ण बरं झालं आणि कुणी असामान्य खेळाडू २५६ व्या फेरीपर्यंत पोचला. तिथे पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि तुकड्यांच्या कचऱ्याने भरतो. फेरी पुरी करायला पुरेसे ठिपकेच उरत नाहीत. मीटर घेऊन धावू नका. फेरीचा आकडा आठ बिटांत मावतो, त्यात २५५ च्या पुढे जागा नाही. खाली फळं काढणारा कार्यक्रम तिथे फसतो आणि २५६ फळं काढायला निघतो. हा दोष वयाचा नाही, जन्माचा आहे. प्रत्येक अस्सल पॅक-मॅनमधे तो असतो आणि इथे तो दिसला याचा अर्थ तुमचा बोर्ड अगदी नीट चालतो आहे.

म्हणून दुरुस्त करणाऱ्याला दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. काय झिजून बिघडलं आणि काय मुळातच असं आहे. पहिल्यासाठी सोल्डरिंग आयर्न आहे. दुसऱ्याला तसंच राहू द्यायचं.

आता मागचं दार लावायची वेळ. लावण्याआधी एक काम करा आणि हे मनातल्या मनात नको, तुमच्या हाताखालच्या खऱ्या यंत्रासाठी करा. मग ते पॅक-मॅन असो, मिक्सर असो की पाण्याचा पंप. एका कागदावर तारीख लिहा. काय तपासलं, काय नीट निघालं, काय बदललं, मीटरवर किती आकडा आला ते लिहा. 'काय नीट निघालं' ही ओळ गाळू नका, पुढच्या माणसाचे कष्ट तीच सर्वांत जास्त वाचवते. कागद पिशवीत घालून यंत्राच्या आत चिकटवा आणि मग स्क्रू आवळा.